कासवाच्या डोक्यावर छप्पर नको : समुद्री कासवाविषयीचा एक पाठ

परिसर अभ्यासाचा तास पाहण्यासाठी वर्गात मागील बाकावर बसलो असता एक गोष्ट माझ्या ध्यानात वारंवार आली आहे. "कासव कोणी पाहिले आहे?" असे गुरुजींनी विचारताच निम्म्याहून अधिक हात वर जातात. "कोठे?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "देवळात." सभामंडपात देवासमोर बसविलेले दगडी कासव हे आपल्या मुलांचे पहिले कासव होय. त्याला नमस्कार करूनच ती पुढे जातात. विहिरीतील किंवा तळ्यातील जिवंत कासव काहींनी पाहिलेले असते. परंतु ज्या गावाच्या पुळणीवर दर वर्षी समुद्री कासवाची मादी रात्री येऊन अंडी घालून जाते, त्या गावच्या शाळेतही समुद्री कासव डोळ्यांनी पाहिलेली मुले फार थोडी निघतात. ज्यांनी पाहिलेले असते, त्यांपैकी बहुतेकांनी ते मेलेले पाहिलेले असते. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. त्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

दगडी कासवावरून समुद्री कासवाकडे जाताना शिक्षकाने प्रथम काही समज दूर करावयास हवेत. कासव आपली पाठ घराप्रमाणे काढून ठेवते व पुन्हा घालते, असे कित्येक मुलांस वाटते. वस्तुतः कासवाचा कणा व बरगड्या त्या कवचाशीच एकजीव झालेल्या असतात. कवच हे त्याचे घर नसून त्याचे अंगच आहे. दुसरा समज अधिक आदरणीय ठिकाणाहून आलेला आहे. गीतेत स्थितप्रज्ञाचे वर्णन करताना सर्व अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचा दृष्टान्त दिला आहे व तो आपणा सर्वांच्या मनात ठसलेला आहे. परंतु तो जमिनीवरील व गोड्या पाण्यातील कासवांस लागू पडतो. समुद्री कासवास डोके किंवा पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. त्याचे पाय वल्ह्यासारखे चपटे व लांब झाले आहेत आणि पोहण्याच्या या सोयीसाठी त्याने लपण्याची सोय सोडून दिलेली आहे. म्हणजे भय वाटले असता त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो : पळणे.

तिसरा समज सर्वांत महत्त्वाचा. कासव पाण्यात राहते, तेव्हा ते माशासारखे पाण्यातच श्वास घेत असले पाहिजे, असे मुलांस वाटते. किंबहुना मोठ्यांसही वाटते. कासव हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील जीव असून त्यास फुप्फुसे आहेत. आपल्याप्रमाणेच त्यास हवा लागते व त्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. हे वाक्य पुस्तकात असते, फळ्यावर लिहिले जाते, वहीत उतरते आणि परीक्षेत बरोबरही येते. पण ते कळले आहे असे समजू नये. मी डी. एड. झालो त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या अवधीत हे वाक्य मी स्वतः किती वेळा शिकविले असेल, त्याची मोजदाद नाही. तरी ते मला कळले २०२२ सालच्या दिवाळीच्या सुटीत, लक्षद्वीपातील अगत्ती बेटाच्या सरोवरात, आणि तेही एक अपराध हातून घडल्यावर. तो प्रसंग येथे सांगतो. कारण पुढील सारा पाठ त्यावरच उभा आहे.

लक्षद्वीप हा प्रवाळांनी बनविलेल्या बेटांचा समूह होय. एकंदर छत्तीस बेटे, त्यांपैकी वस्ती असलेली अवघी दहा; आणि सर्वांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर. आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाची शिवार याहून फारशी लहान नसेल! तेथे जाण्यास शासनाचा परवाना लागतो. अगत्ती हे चिंचोळे, माडांनी भरलेले बेट असून त्याच्या पश्चिमेस प्रवाळाच्या कड्याने अडविलेले उथळ, शांत पाणी आहे. यासच तेथील सरोवर म्हणावयाचे. त्याच्या तळाशी समुद्रगवत उगवते, आणि ते खावयास हिरवी कासवे येतात. या कासवास हिरवे म्हणतात ते त्याच्या पाठीवरून नव्हे, तर त्याच्या चरबीच्या रंगावरून. लहानपणी ते इतर जीवही खाते, पण मोठेपणी बहुतांशी शाकाहारी होते. आपल्या कोकण किनाऱ्यावर अंडी घालावयास येते ते ऑलिव्ह रिडले जातीचे कासव. ते आकाराने लहान असून खेकडे, कोळंबी, जेलीफिश असे जीव खाते. दोहोंची गल्लत वर्गात होऊ देऊ नये.

कासव पाहावयास तेथे होडीतून नेतात आणि पाण्यात उतरवतात. डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा बांधावयाचा, तोंडात एक वाकडी नळी धरावयाची व तिचे दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवून पालथे तरंगावयाचे. यास स्नॉर्केलिंग असे म्हणतात. अंगात तरंगजाकीट असल्यामुळे माझ्यासारख्या विहिरीत पोहावयास शिकलेल्या माणसासही ते जमते.

पहिल्या दिवशी आम्ही ज्या होडीतून गेलो, तीत चौदा माणसे होती. कासव दिसताच इंजिन चालू असतानाच आरडाओरडा झाला आणि एकामागून एक सर्वांनी उड्या टाकल्या. मीही टाकली. खाली गवतात एक हिरवे कासव चरत होते. आम्ही त्याच्या वर जमलो. ते चरावयाचे थांबले. मग ते वर येऊ लागले, तो आमच्यापैकी कोणीतरी हात पुढे केला; ते वळले आणि खाली गेले. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने वर येऊ लागले. तेथेही माणसेच होती. तिसऱ्या खेपेस ते एकदम वेगाने तिरके निघाले व बरेच दूर जाऊन पाण्याबाहेर डोके काढलेले दिसले. सर्वांना मोठी मौज वाटली. मलाही वाटली. मी त्या कासवाच्या पाठीमागे हातभर अंतरावर असतानाचे छायाचित्र काढून घेतले व रात्री घरी पाठविलेही.

दुसऱ्या दिवशी एक वयस्क नावाडी भेटला. त्याच्या होडीत तो सहांपेक्षा अधिक माणसे घेत नसे. त्याची भाषा मल्याळमची बेटावरची बोली. आमच्याशी तो मोडक्या हिंदीत बोले. आदल्या दिवशीचे माझे छायाचित्र मी त्यास मोठ्या हौसेने दाखविले. त्याने ते पाहिले, भ्रमणध्वनी परत दिला व एवढेच म्हणाला, "उसका छत मत बनो, सार. वो साँस लेने आता है."

शिक्षकबंधुभगिनींनो, आयुष्यभर शिकविलेला धडा एखाद्याने आपल्यालाच शिकवावा, तसे झाले. ते कासव तीन वेळा वर आले ते आम्हांस पाहावयास नव्हे, आमच्याशी खेळावयासही नव्हे. त्याचा श्वास संपत आला होता. आणि चौदा सुशिक्षित माणसांनी त्याच्या आकाशावर छप्पर घातले होते. त्या छपरातील एक वासा मी होतो.

येथे त्या नळीविषयी एक विचार मनात आला, तो सांगतो. नळी नसलेल्या माणसास दर काही क्षणांनी डोके वर काढावेच लागते. नळी तोंडात असली की त्यास तीही गरज उरत नाही. तो तासभर पालथा राहून खाली पाहत राहू शकतो. ज्याला श्वासाची चिंता उरलेली नाही असा प्राणी, ज्याला ती आहे अशा प्राण्याच्या डोक्यावर पसरतो.

त्या दिवशी नावाड्याने इंजिन दूरवरच बंद केले व होडी वल्ह्याने नेली. आम्ही सहाजण आवाज न करता पाण्यात उतरलो. त्याने आम्हांस एका दोराला धरून एका बाजूस, ओळीने राहावयास सांगितले. गोल करू दिला नाही. कासवापासून आम्ही तीन-चार वाव लांब होतो. ते चरत होते. गवताची पाने तोडताना त्याची मान कशी झटका घेते, ते स्पष्ट दिसत होते. माझ्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटांच्या सुमारास ते सावकाश वर आले, पाण्याबाहेर नाक काढले, फुस्स असा आवाज झाला, आणि ते पुन्हा आपल्या गवताकडे गेले. आमच्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. त्याचे हे न पाहणे मला आदल्या दिवशीच्या छायाचित्राहून फार मोलाचे वाटले.

हवाई बेटांत अशाच हिरव्या कासवांपासून निदान दहा फूट दूर राहावे, असा तेथील सरकारी सल्ला आहे. अंतराचे आकडे ठिकाणपरत्वे निरनिराळे असतील. कारण मात्र एकच आहे. अंतर मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुखवट्याच्या काचेतून पाण्यातील वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने मोठी व त्याच मानाने जवळ दिसते. मी घरी परतल्यावर चार फुटांचे कासव पाहिले असे सांगत असे. वरच्या वर्गाच्या एका विज्ञान शिक्षिकेने मला विचारले, "सर, चार फूट दिसले की होते?" हिशेब केला तेव्हा ते तीन फुटांचे निघाले. पेल्यातील पाण्यात बुडविलेले नाणे उचललेले दिसते, तो प्रयोग आपल्या साहित्यपेटीत आहेच; त्यास हे उदाहरण जोडण्यासारखे आहे.

नावाड्याने आणखी जे सांगितले ते विसरून चालणार नाही; नाही तर आपला पाठ एकांगी होईल. त्याच्या आजोबांच्या काळी कासवे मारीत. मांसापेक्षाही चरबीसाठी; ती लाकडी होड्यांना चोपडीत, म्हणजे लाकूड पाण्यात टिके. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हळूहळू ते थांबले. कासवे वाढली. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत अगत्तीच्या सरोवरात ती इतकी झाली, की समुद्रगवताची कुरणे उघडी पडू लागली. त्या गवतात माशांची पिले वाढत असतात. गवत गेले, तसे तेथील मासेही घटले आणि कोळ्यांनी कासवांच्या नावाने बोटे मोडली. हे केवळ गाऱ्हाणे नव्हते. अभ्यासकांनी तेथे वर्षानुवर्षे मोजणी करून कुरणे खरोखरच ओसरल्याचे दाखविले आहे. गवत संपत आले, तशी पुष्कळ कासवे शेजारच्या बेटांच्या सरोवरांकडे गेली. मोठे शार्क मासे माणसाने कमी केल्यामुळे कासवांस शत्रू उरला नाही, असेही एक कारण सांगतात. "ये मेरी रोटी भी है, और मेरी मछली भी यही खा गया," असे तो नावाडी म्हणाला. प्राणी एक तर गरीब व चांगला किंवा दुष्ट व वाईट, अशा दोनच कप्प्यांत घालण्याची जी सवय आपल्या गोष्टींनी मुलांस लागते, ती मोडावयास हे वाक्य पुरेसे आहे. माझ्या मते चौथीच्या मुलासही ते समजते.

आता पाठाकडे वळतो. समुद्रात न जाता, नळी व मुखवटा नसता, ही गोष्ट मुलांच्या अंगी कशी उतरवावी? मी पुढील रीत २०२३ च्या जानेवारीत गुहागर तालुक्यातील एका दोनशिक्षकी शाळेत करून पाहिली व नंतर आणखी काही शाळांत तिची पुनरावृत्ती केली.

प्रथम मुलांस शांत बसवून एका मिनिटातील आपापले श्वास मोजावयास सांगावे. आकडे फळ्यावर लिहावेत. मग पटांगणाला एक फेरी धावून येऊन पुन्हा मोजावयास लावावे. संख्या पुष्कळ वाढलेली असते. यावरून विचारावे : निजलेल्या कासवास हवा अधिक काळ पुरेल की पळणाऱ्या? झोपलेले समुद्री कासव तासन्‌तास पाण्याखाली राहू शकते, चरणारे काही मिनिटांनी वर येते, आणि पाठलाग होत असलेल्याची हवा त्याहून लवकर संपते, हे मुले आपण होऊन सांगतात. येथे एक सूचना आहे. श्वास कोंडून धरण्याची शर्यत मुलांस कधीही लावू नये. मुले ती आपण होऊन सुरू करतील. तेव्हा ताबडतोब थांबवावे.

त्यानंतर खेळ. पटांगणात एक मोठे वर्तुळ आखावे व मध्ये एक मूल 'कासव' म्हणून ओणवे बसवावे. वर्तुळाबाहेर चारी दिशांस एकेक घुंगरू किंवा घंटी काठीला टांगावी. त्या घंट्या म्हणजे हवा. बाकीच्यांनी वर्तुळाच्या रेषेवर उभे राहावयाचे, ते 'पाहुणे'. गुरुजी अंक मोजतात. विसाचा आकडा होण्यापूर्वी कासवाने कोणत्या तरी घंटीस हात लावून परत यावयाचे. पाहुण्यांनी त्यास धरावयाचे नाही, ढकलावयाचे नाही. केवळ ते जिकडे जाईल तिकडे कौतुकाने पाहावयास सरकावयाचे. प्रथम सहा पाहुणे घेऊन एका बाजूस ओळीने उभे करावे. कासव सहज जाऊन येते. मग त्याच सहांस गोलाकार उभे करावे. कासव अडखळते, पण वाट काढते. शेवटी सगळा वर्ग पाहुणा करावा.

त्या शाळेत पट अठ्ठावीसचा होता. कासव झालेला मुलगा वर्गातील सर्वांत चपळ. पंधरा झाले, सोळा झाले, तो एकदा इकडे वळला, एकदा तिकडे. अठराला तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, बाहेर जायला जागाच नाही." कोणीही त्यास अडविले नव्हते. सर्वजण हसत होते, आणि कोणाच्याही मनात वाईट नव्हते. वर्ग गप्प झाला. मी फळ्यावर काहीही लिहिले नाही, आणि लिहावयास नको होते असेच मला आजही वाटते.

मग मी माझी हकिकत सांगितली. पहिल्या रांगेतील एका मुलीने विचारले, "मग गुरुजी, तुम्ही गेलातच कशाला?" मुलांच्या प्रश्नास उत्तर देताना वडीलपणाचा आडोसा घेऊ नये, असे आपण प्रशिक्षणात सांगतो; त्याची परीक्षा अशा वेळी होते. मी म्हणालो, की पहिल्या दिवशी मी पाहावयास गेलो नव्हतो, पाहिले असे सांगता यावे म्हणून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पाहावयास गेलो. तिला ते पटले की नाही, ठाऊक नाही. तिने मान हलविली नाही.

याच तासाला दुसरी एक गोष्ट घडली व ती मला अधिक जड गेली. कासवाला वर येऊ न दिल्यास ते बुडून मरते, हे सांगितल्यावर मी विचारले, "आपल्या समुद्रात कासवाचे छप्पर कोणते?" एका मुलाने उत्तर दिले, "जाळे." उत्तर बरोबर होते आणि मी त्यास शाबासकी देऊन पुढे गेलो. नंतर पाहतो तो मागील बाकावरील एक मुलगा मान खाली घालून बसलेला. त्याचे वडील व चुलते मासेमारीस जातात, हे शाळेतील बाईंनी मला मागाहून सांगितले. माझ्या शाबासकीने मी त्याच्या बापास भर वर्गात अपराधी ठरविले होते. किनाऱ्यावरच्या शाळांत हा पाठ घेताना ही चूक तुम्ही करू नये, एवढ्यासाठीच प्रस्तुत लेख लिहावयास घेतला असे म्हटले तरी चालेल.

वस्तुस्थिती अशी आहे. कोणताही कोळी कासवासाठी जाळे टाकत नाही. कासव मिळाले तर त्याचे मोल शून्य, आणि त्याच्या वल्ह्यांनी जाळे फाटून नुकसान मात्र पुष्कळ. कित्येक जण ते कापून सोडून देतातही. हे ध्यानी घेऊनच महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना सुरू केली. संरक्षित समुद्री जीव जाळ्यात सापडल्यास, त्यास सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तीत तरतूद आहे. त्यासाठी जीव सोडतानाची छायाचित्रे अर्जासोबत जोडावी लागतात. गावोगावच्या कित्येक घरांस याची माहिती नसते, किंवा अर्ज कसा लिहावा ते ठाऊक नसते. पाचवी-सहावीच्या मुलांकडून पत्रलेखनाच्या तासाला असा अर्ज लिहवून घेता येईल. त्या मुलाच्या शाळेत बाईंनी पुढच्याच आठवड्यात तसे केले, आणि अर्जात कोणकोणत्या जाळ्यास काय म्हणतात, ते सांगावयास त्याच मुलाला फळ्यापाशी बोलाविले. मला ती गोष्ट सुचली नव्हती.

आपल्या जिल्ह्यापुरती आवश्यक ती माहिती थोडक्यात देतो. भारताच्या समुद्रात समुद्री कासवांच्या पाच जाती आढळतात, जगात सात. आपल्याकडे ऑलिव्ह रिडलेची मादी साधारणतः हिवाळ्यात रात्री पुळणीवर येऊन सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते व पुन्हा त्यांकडे पाहत नाही. पिले साधारण दीड ते दोन महिन्यांनी बाहेर येतात. वाळू अधिक उष्ण असली की माद्या अधिक निपजतात. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांचे रक्षण सुरू केले व २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव 'प्रथमा' ठेवले गेले. याहून नवलाची गोष्ट म्हणजे २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्यास बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या आरंभी आपल्या गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. नकाशावर बोट फिरवून तो मार्ग मुलांकडून काढवावा. मध्ये श्रीलंका येते, हे त्यांचे त्यांनाच सापडले पाहिजे.

सहलीविषयी पुष्कळ शाळांकडून पृच्छा होते. मालवण-तारकर्ली येथे स्नॉर्केलिंगची सोय आहे, तर वरच्या वर्गातील मुलांस नेऊन पाण्याखालची सृष्टी दाखवावी काय, असे विचारतात. माझे मत स्पष्ट आहे. प्राथमिक शाळेच्या सहलीत कोणत्याही मुलास समुद्राच्या पाण्यात उतरवू नये. कोणी कितीही खात्री दिली तरी. होडीत बसवावयाचे असल्यास प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट हवे, पालकांची लेखी संमती हवी, आणि चढताना व उतरताना दोन्ही वेळा मोजणी शिक्षकाने स्वतः करावी. नावाड्यावर सोपवू नये. शिक्षक स्वतः सुटीत गेल्यास होडी निवडताना प्रथम तीत किती माणसे घेतात, ते विचारावे. कासवास हात लावू देतो, असे जो आवर्जून सांगेल, त्याच्याकडे जाऊ नये. ते कायद्यानेही गैर आहे. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर उभे राहू नये. कासव वर येताना दिसले तर बाजूस व्हावे. बाकी सारे तेथेच कळते.

मुलांसाठी पुळणच पुरेशी आहे. पिले समुद्रात सोडण्याच्या वेळी सकाळी लवकर जावे; पण तेथेही एका वेळी सारी शाळा नेऊ नये. आठ-दहांचे गट करावेत. दोरीच्या अलीकडे, समुद्राकडील वाट मोकळी सोडून, दोन्ही बाजूंस बसवावे. खेळ आधी झालेला असेल तर हे सांगावे लागत नाही. गेल्या हंगामात एका शाळेची मुले नेली होती, तेव्हा भ्रमणध्वनी उंचावून पुढे सरकणाऱ्या शहरातील एका गृहस्थांस आमच्यापैकी एक मुलगी म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा, तुम्ही छप्पर होताय." त्यांना काही उलगडा झाला नाही, पण ते बाजूस झाले.

किनाऱ्यावरील शाळांनी हा पाठ डिसेंबर ते मार्च या अवधीत घ्यावा. आतील तालुक्यांतील शाळांनी तळ्यातील कासवापासून आरंभ करून केव्हाही घ्यावा. खेळासाठी पंचवीस मिनिटे लागतात. त्यामुळे तो मधल्या सुटीस जोडून ठेवणे सोयीचे. आपल्या गावच्या बोलीत समुद्री कासवास व त्याच्या पिलास काय म्हणतात, जाणत्या कोळ्यांच्या आठवणीत पूर्वी कोणत्या पुळणीवर ती येत व आता येतात की नाही, आणि जाळे कापून कासव सोडल्याची एखादी हकिकत असल्यास ती, एवढे मुलांकडून विचारून लिहून घ्यावे. सांगणाऱ्याची इच्छा नसल्यास नाव लिहू नये. ही टिपणे केंद्रप्रमुखांमार्फत एप्रिलअखेर माझ्याकडे पोहोचतील अशा बेताने पाठवावीत. अक्षर मुलांचेच असावे. शुद्धलेखन सुधारून पाठवू नये.